साखरेच्या बरणीवरची रेघ

ता. ३, मंगळवार
लेकीचं वजन एक्याऐंशी किलो. महिन्यात दीड किलो चढलं. साखर मी मोजून काढते, तेल चमच्याने घालते, तरी हिशेब लागत नाही. म्हणजे कुठेतरी हात मारते आहे. बरणीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि साखरेच्या पातळीशी रेघ मारली. हे म्हणाले, "पोलीसही बसव एक." यांना सगळी थट्टाच.

ता. ६, शुक्रवार
रेघ आणि साखर, दोन्ही जिथल्या तिथे.

ता. ९, सोमवार
तिसरा महिना, लेकीला पाळी नाही. हनुवटीवर केस येतात म्हणून कॉलेजला तोंडाला रुमाल बांधून जाते. मी म्हटलं, "गेल्या वर्षी हार्मोनचा रिपोर्ट चांगला आलाय ना? मग जिभेला आवर घाल." तर म्हणाली, "मी काय खाते ते तुझ्या बरणीला विचार." कळलं होतं तर तिला! भरलं ताट टाकून उठली. जपाला बसले, पण मन कसलं लागतंय.

ता. १२, गुरुवार
आता माझ्यासमोर जेवत नाही. ताट घेऊन खोलीत जाते.

ता. १८, बुधवार
नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. जुना रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "खोटा नाही, अर्धा आहे." रक्तात एक प्रथिन असतं, लिव्हर बनवतं. बायकांतही थोडं पुरुषी हार्मोन असतं, त्याला ते धरून ठेवतं. धरलेलं हार्मोन गप्प बसतं, मोकळं सुटलेलं उद्योग करतं. गेल्या वर्षी सगळं मिळून मोजलं, मोकळं किती ते पाहिलंच नाही. अंगावर चरबी वाढली, आतून सूज राहिली, की लिव्हर हे प्रथिन कमी बनवतं. मग केस, पाळीचा घोळ, आणि पुढे मधुमेहाची भीती.

"पण आधी वजन की आधी प्रथिन?" मी विचारलं.

"ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. दोन्ही एकमेकांना ओढतात. पण पोरगी चोरून खात नाही, ताई."

म्हणजे आता मी रागवू कुणाला, लिव्हरला? वर्षभर जिच्यावर तोंड सोडलं ती शेजारच्या खुर्चीत भिंतीकडे बघत बसलेली.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे, आईच्या बाजूला, कुणाला असा त्रास?"

मी चटकन म्हटलं, "छे, कुणालाच नाही."

मोकळं किती ते मोजायला शनिवारी उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे.

ता. २१, शनिवार
गेली नाही. "रक्तात काही सापडो नाहीतर न सापडो. घरात असली मी एकटीच, हे आता डॉक्टरांनाही कळलंय," म्हणाली. माफी मागायला तिच्या खोलीत गेले आणि तोंडातून निघालं, "दूध प्यायलीस का?" तिने कूस बदलली. हे म्हणतात, वेळ जाऊ दे. आजार थांबणार आहे का यांच्या वेळेसाठी!

देवाला काय सांगू? त्याला सगळं ठाऊकच आहे.

ता. २३, सोमवार
डॉक्टरीणबाईंशी मी खोटं बोलले. बावीस वर्षांची होते तेव्हापासून हनुवटीचे केस चिमट्याने उपटते आहे, न्हाणीघरात, कडी लावून. यांना माहीत नाही. या वहीतही कधी लिहिलं नाही.

आज सकाळी आरसा घेतला, चिमटा घेतला आणि लेकीला हाक मारली. कडी लावली नाही.