झिलीतली रिकामी जागा

ढोकी,
फाल्गुन पौर्णिमा

प्रिय प्रसेनजित,

जयभीम. हे पत्र तुझ्या गिटारीच्या डबीलाच गुंडाळलंय, म्हणजे डबी हातात घ्यायची तर आधी हे सोडवावं लागेल. बानूबाईचा जावई उद्या पुण्याला निघालाय, त्याच्या पिशवीत टाकते. टपालाला पैसे कशाला घालायचे. फोनवर मी नुसतं बरं, बरं म्हणते म्हणून तू मागच्या आठवड्यात माझ्यावर चिडलास. फोनवर मला बोलता येत नाही. तुझे बाबा शेजारीच बसलेले असतात, आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. आज पौर्णिमेची वंदना झाली, ते बलभीमकाकांबरोबर विहारात बसलेत, तेवढ्यात लिहून काढते.

यंदाच्या जयंतीला बाबा गाणार म्हणून हट्ट धरून बसलेत, हे तुला ठाऊक आहे. कमिटीच्या पोरांनी तोंडदेखलं विचारलं आणि यांनी लगेच हो म्हटलं. त्यावर तू फोनवर जो तोडगा सांगितलास तो मी पुन्हा पुन्हा आठवून बघितला, की मी काही चुकीचं ऐकलं की काय. त्यांचा जुना आवाज तू मशीनवर लावणार, ते नुसता माईक धरून ओठ हलवणार, आणि तू पुढं उभा राहून गिटार वाजवणार. गावाला कळणार पण नाही आई, असं म्हणालास. ज्या गावानं त्यांचा आवाज पस्तीस वर्षं ऐकला त्या गावाला कळणार नाही. बाबा शेजारी बसून स्पीकरवर ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी पेटीतला काळा कोट काढला आणि मला म्हणाले, इस्त्रीला टाक, पोरगं आपल्याला घेऊन गाणार म्हणतंय. तू काय म्हणालास ते त्यांना समजलंच नव्हतं, आणि मला समजावून सांगायची लाज वाटली.

मी या घरात आले तेव्हा तुझे आजोबा, कोंडिबा, भीमगीतांच्या गायन पार्टीचे म्होरके होते. पोरगी मॅट्रिक आहे, गाणी उतरवून घेईल, पार्टीचा जमाखर्च ठेवील, असा विचार करून त्यांनी मला करून घेतली. आवाज कुणी विचारला नव्हता. तो शेजारच्या धुरपताआजीनं ओळखला, ती पार्टीत मागं गायची. चुलीपुढं गुणगुणताना ऐकलं आणि पहिल्याच जयंतीला मला ओढून झिलीत उभं केलं, आपल्या आणि बानूबाईच्या मधोमध. तुला झील म्हणजे चार बायकांचा कोरस वाटायचा. गाणाऱ्यानं ओळ टाकली की तिचं शेपूट आम्ही उचलायचं, जी जी म्हणत फिरवायचं, आणि तेवढ्यात त्यानं दम खायचा, घाम पुसायचा. एवढं लोकांना दिसतं. न दिसणारं काम वेगळंच होतं. पुढची ओळ त्याच्या तोंडात आली का नाही, हे आम्ही त्याच्या खांद्यावरून ओळखायचो. आली नसली की धुरपताआजी झील लांबवायची, आणखी एक फेरा घ्यायची, आणि शेवटच्या ओढीत पुढच्या ओळीचा पहिला शब्द हळूच सोडून द्यायची. तो शब्द त्याला मिळाला की गाडी पुढं. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय रंगवलंय गाणं. सगळी गाणी तू माझ्या मांडीवर झोपून ऐकलीस. झील चालू असली की झोपायचास आणि थांबली की रडायचास.

मग तू ती निळी डबी आणलीस. वर्षावासात चार दिवस आला होतास. तिला डिले म्हणतात म्हणालास, पायानं दाबायची, आणि गिटारीचा एक सूर काढलास. तो सूर गेला आणि थोड्या वेळानं परत आला, मग आणखी हळू आला, मग आणखी हळू. माकणीच्या धरणावर भिंतीसमोर उभं राहून तू लहानपणी हाका मारायचास, अगदी तसा. खोटं कशाला बोलू, रोज चौथं शील म्हणते. गिटारीवर ती डबी गोड वाजत होती. बाबांनी दोनदा वाजवायला लावली. बानूबाई म्हणाली, पोपटवाला जोशी हाय बग पोरगं तुजं, सूर पाळून ठेवलाय डबीत. तिथवर सगळं चांगलं होतं. गिटारीची वस्तू गिटारीला राहिली असती तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण मागच्या जयंतीच्या आधी तू बाबांच्या माईकची पिन त्या डबीत खुपसलीस. मागं झिलीला आता कुणी लागत नाही म्हणालास. बायका वेगवेगळ्या पट्टीत ओरडतात, स्टेज भरून जातं, गाडीत जागा लागते. आणि वर मला म्हणालास, आई, खर्च कमी कर, खर्च कमी कर असं तूच तर म्हणत असतेस. माझंच काटकसरीचं बोट माझ्याच डोळ्यात घातलंस. अर्ध्या जळालेल्या मेणबत्त्या वितळवून मी नवी वात घालते ती विहारासाठी, माणसं वितळवायला नाही. धुरपताआजी उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होती. तिनं तुला विचारलं होतं, आठवतंय का, लेकरा, ही डबी भाकरी किती खाती? तू हसून म्हणालास, काईच न्हाय आजी, सेलवर चालती. मंग हिलाच ठिव रं, आमी लई खातो, असं म्हणून ती उठली आणि काठी टेकत घरी गेली. तुला तो विनोद वाटला. मी तिच्यामागं तिच्या घरी गेले, तर तिनं कार्यक्रमाचं निळ्या काठाचं पांढरं लुगडं घडी करून ट्रंकेच्या तळाला घातलं होतं.

जयंतीच्या रात्री आम्ही तिघी समोर खुर्च्यांवर बसलो. स्टेजसमोर बसून ऐकायची माझी पहिलीच वेळ होती. तुझे दिवे, तुझा की-बोर्डवाला, तुझी गिटार, सगळं छान दिसत होतं. पहिली दोन गाणी झाली. मग बाबांनी आजोबांचं गाणं धरलं. माय गेली पाण्याला, घागर रिती आली. तळं होतं भरलेलं, वाट बंद झाली. इथं झील पडते. डबी म्हणाली, बंद झाली, बंद झाली, झाली. आणि बाबा थांबले. पुढची ओळ आली नाही. मला ते खांद्यावरून कळलं, धुरपताआजीला माझ्याआधी कळलं, तिनं माझं मनगट धरलं. मग ते मागं वळले, डाव्या हाताला, जिथं आम्ही उभ्या राहायचो. तिथं तुझा गिटारीचा स्टँड होता. त्या स्टँडकडं बघून त्यांनी विचारलं, पुढं काय गं? माईक तोंडाशीच होता. डबीनं सगळ्या गावाला ऐकवलं, पुढं काय गं, काय गं, काय गं. मी उठून ओंजळ, ओंजळ म्हणून ओरडले. ओंजळ भरली भीमानं, वाट मोकळी झाली, एवढी सोपी ओळ. पण तुझ्या त्या भोंग्यांपुढं माझा आवाज कुठं पोचणार. लोक हसले. पोरांनी मोबाईल वर धरले. तू मान खाली घालून वाजवत राहिलास, जसं काही ते गाणं तिथंच संपत होतं.

पहाटेच्या एस.टी.नं तू गेलास. डबी विसरलास, का मुद्दाम ठेवलीस, मी विचारलं नाही. त्यानंतरचं तुला काही माहीत नाही, कारण तू आला नाहीस आणि मी बोलले नाही. कारखान्याच्या रस्त्याला पोरं बाबांना बघून मागून म्हणायची, पुढं काय गं, काय गं. चहाच्या गाड्यावर मोठी माणसंसुद्धा. ते हसून हात वर करायचे. घरी आल्यावर मला म्हणायचे, गाणं लोकांना लई आवडलेलं दिसतंय. आधी मला वाटलं, माझं मन राखायला बोलतात. नंतर कळलं की त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

थंडीत धुरपताआजी गेली. तुला कळवलं होतं, तू रेकॉर्डिंग आहे म्हणालास. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिची गाणी म्हणायला बसलो तर आम्ही दोघीच उरलो. त्या दिवशी मी बलभीमकाकांना म्हटलं, ती डबी जोडून द्या, मला बघू द्या तिला काय काय येतं. तिला पिळायचे तीन कान आहेत. एकानं आवाज किती उशिरा यायचा ते ठरतं, दुसऱ्यानं किती वेळा यायचा, तिसऱ्यानं किती मोठ्यानं. मी झील टाकली, तिनं परत दिली. मी खोकले, तिनं खोकलाही परत दिला. मी गप्प बसले, तशी तीही गप्प. दुसरा कान पूर्ण पिळला तर जुना आवाज वाढतच गेला, थांबेना, भांड्यात भुंगा अडकल्यासारखा, शेवटी काकांनी पिन उपटली. डबीचा दोष नाही. तिला दिलं तेवढं ती इमानानं परत देते. तुझ्या बापाला नेमकं तेच नको होतं. त्यांना जे सुचत नव्हतं ते देणारं माणूस पाहिजे होतं, आणि ते तू खाली खुर्चीवर बसवलं होतंस.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मागच्या महिन्यात त्यांना सोलापूरला दाखवून आणलं. तुला गुडघ्यासाठी सांगितलं होतं. गुडघा नव्हता. डॉक्टरांनी वार विचारला, सांगता आला नाही. घड्याळ काढायला लावलं, सगळे आकडे एका बाजूला काढले. मुलं किती, तर म्हणाले, एक पोरगा हाय, प्रसेनजित, गिटार वाजवतो. नाव मात्र बरोबर सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, काही येत असेल तर म्हणा. मी मागून हळूच झील धरली आणि यांनी आजोबांचं गाणं पहिल्या शब्दापासून म्हणायला घेतलं, एक अक्षर चुकले नाहीत. बाहेर पेशंट खोळंबले होते म्हणून डॉक्टरांनीच थांबवलं. हा विसराचा आजार आहे, उतरत जाणार, गाणं बहुतेक सगळ्यात शेवटी जाईल, असं म्हणाले. आजार कालचा नाही. तू डबी आणायच्या आधीपासून आहे. धुरपताआजीला माहीत होतं, बानूबाईला माहीत होतं, मला माहीत होतं. दोन वर्षं आम्ही तिघींनी तो झिलीत झाकून ठेवला. ओळ गेली की शब्द सोडायचा, कडवं गेलं की फेरा वाढवायचा. गावाला पत्ता लागू दिला नाही, तुलाही नाही. न सांगणं हे खोटं बोलणं होतं का, ते भन्तेजींना विचारायचं राहून गेलंय. पण मला त्याचं दुःख नाही. तुझा राग मात्र आहे, तो लपवत नाही. झील काढून टाकण्याआधी तू एकदा, आई, या बायका मागं नेमकं करतात काय, एवढं विचारलं असतंस तरी पुरलं असतं.

ते जयंतीला गाणार. स्वतःच्या गळ्यानं गाणार, ओठ हलवायला उभे राहणार नाहीत. एकच गाणं, आजोबांचं. बहुतेक हे शेवटचं, कारण पुढच्या वर्षी त्यांच्याकडं काय उरलं असेल ते मला ठाऊक नाही. बलभीमकाका ढोलकीला आहेत. मागं बानूबाई आणि मी. धुरपताआजीची जागा रिकामी आहे, डावीकडची, जिकडं ते अडल्यावर वळतात. ते लुगडं तिच्या सुनेनं मला आणून दिलंय, ते मी नेसणार आहे. जागा तुझी. तुला सगळी गाणी येतात, ओंजळ हा शब्द कुठं सोडायचा तेही तुला येतं, तुझ्या कानात ते दुधाबरोबर गेलंय. गिटार आणू नकोस, ही डबी आणू नकोस. पांढरा सदरा घाल आणि आमच्या रांगेत उभा राहा. तुझं नाव कुणी पुकारणार नाही. पुढं उभं राहायलाच यायचं असलं तर येऊ नकोस. आम्ही दोघी ओढून नेऊ, आणि नाहीच जमलं तर मी पुढं जाऊन त्यांच्या कानात सांगेन, लोक हसले तरी चालेल.

विहारातून ते येताना दिसतायत, म्हणून आवरते. आल्या आल्या विचारतील, पोरगं कधी येणार. मी सांगेन, जयंतीला. पाणी पिऊन होईस्तोवर पुन्हा विचारतील. दिवसभर हेच चाललेलं असतं, आणि मी दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगते, जयंतीला. ते खरं आहे का खोटं, एवढंच मला कळव. मग त्यांना काय सांगायचं ते मी ठरवीन.

तुझीच, मागच्या रांगेतली,
आई