मधला शब्द गाळल्याबद्दल

ती. मामांच्या सेवेशी,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे निम्मा नमस्कार आत्ता पोचता करते, उरलेला प्रत्यक्ष भेटीत घालीन.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का, की अजूनही त्या तुमच्या चेहऱ्याकडे बघूनच आपला रक्तदाब किती असेल ते ओळखतात? इकडे आम्ही दोघी मजेत आहोत. आईचे डोळे बारीक शिवणाला आता साथ देत नाहीत. सुईत दोरा ओवायला मला हाक मारते आणि ओवून दिला की जाड ओवलास म्हणून रागावते. म्हणजे बाकी तब्येत उत्तम आहे.

पत्रास कारण की तुमचे आभार मानायचे आहेत. दचकू नका. आपल्या घरात एकमेकांचे आभार मानायची पद्धत नाही, फार तर 'बरं झालं' म्हणून आपण पुढचा विषय काढतो, हे मला ठाऊक आहे. पण मामा, तुमच्यामुळे माझी नोकरी वाचली आणि तुम्हाला त्याचा पत्तासुद्धा नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. चहा घेऊन बसा. मामींना म्हणावं, साखर जरा बेतानंच.

मी कपडे धुण्याच्या मशीनच्या रबरी कड्या तपासते, हे तुम्हाला माहीत आहे. मशीनच्या गोल दाराभोवती ती करडी, पाणी अडवणारी कडी असते ना, तीच. दिवसभर तिच्यावरून बोट फिरवायचं आणि चीर, फुगा, खड्डा काय असेल ते शोधायचं. (बोटाला इतकी सवय झाली आहे की परवा बसच्या खिडकीच्या रबरात मला चीर सापडली आणि मी कंडक्टरला कळवलं. तो काय म्हणाला ते लिहीत नाही.) पण ही नोकरी तात्पुरती. त्यात कारखाना एका कोरियन कंपनीनं घेतला, नवे साहेब आले आणि त्यांनी मला हुकूम केला की तपासणीचा अहवाल रोज सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन त्यांच्या भाषेत द्यायचा. महिनाभर हे नीट जमलं तर कायम, नाही तर नारळ. आईचं शिवण बंद पडत चाललेलं, घर माझ्या पगारावर, तेव्हा मी काय म्हणणार? जमेल म्हटलं. जमेल म्हणायला आपलं काय जातं!

शिकवायला एक दुभाषी बाई नेमल्या होत्या. पाळी सुटली की जेवणाच्या खोलीत वर्ग, शेजारी ताटं घासण्याचा खडखडाट. त्यामुळे सुरुवातीचे काही शब्द मी ताटांच्या आवाजासकटच पाठ केले. भाषा तशी माणसात बसणारी आहे हो. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, म्हणजे वाक्य संपेपर्यंत माणसाला विचार बदलायला वाव असतो. तर 'बोगो' म्हणजे अहवाल. 'शिप्सुम्निदा' म्हणजे इच्छिते. आणि या दोघांच्या मध्ये 'करू' या अर्थाचा जो शब्द येतो तो आहे 'हागो'. मामा, तुम्ही तो मनातल्या मनातच वाचा. मीसुद्धा लिहिताना आजूबाजूला बघून घेतलं. अख्खं वाक्य 'बोगो हागो शिप्सुम्निदा', म्हणजे अहवाल सादर करू इच्छिते. वर्गात मी ते खोकल्याच्या आडून म्हटलं, बाईंना वाटलं मला सर्दी झाली आहे.

घरी सराव करायला जागा एकच, न्हाणीघर. दार लावून घेतलं आणि लागले घोकायला. थोड्या वेळानं बाहेरून आईनं कडी वाजवली आणि ओवा देऊ का म्हणून विचारलं. मी बाहेर येऊन सगळा खुलासा केला तर ती कपाळावर हात मारून घेत म्हणाली, अगं, एवढ्या मोठ्या माणसासमोर तरण्याताठ्या मुलीनं असलं बोलायचं? गाळ की तो मधला शब्द! 'मला पाणी हवं आहे' मधला 'आहे' गाळला तर पाणी मिळत नाही का? तुम्ही तुमच्या ताईला ओळखता. तिचा मुद्दा खोडायला जो जातो तो स्वतःच खोडला जातो. शिवाय खरं सांगू का, मला तिचं पटलं. मी मधला शब्द गाळला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात दुभाषी बाई बहिणीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या.

पहिल्या दिवशी साहेबांच्या खोलीत गेले. काचेची खोली, टेबलावर एक छोटी कुंडी, एक पाण्याचा ग्लास आणि टेबलाखाली शिस्तीत ठेवलेल्या सपाता. साहेब साठीच्या घरातले, इस्त्री केल्यासारखा चेहरा. मी कमरेत वाकले (उसण तेव्हाचीच) आणि सांगितलं, बोगो शिप्सुम्निदा. साहेबांचं पेन जागीच थांबलं. कान लाल झाले. मग ते हळूच 'ने' म्हणाले (नाही म्हणून नव्हे, त्यांच्यात 'ने' म्हणजे हो), पाण्याचा एक घोट घेतला आणि हातानं, या आता, अशी खूण केली. मी अजून अहवाल दिलाच नव्हता! पण मी मात्र हवेत. म्हटलं, काय माणूस आहे बघा, न ऐकताच विश्वास ठेवतो. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, बघ, मी सांगितलं होतं.

मग काय, रोज सकाळी मी जायचे, वाकायचे, खणखणीत आवाजात ते वाक्य म्हणायचे आणि परत यायचे. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. (भोपू हे नाव तुम्हीच ठेवलंत, तक्रार करत नाही.) दार उघडंच असायचं. बाहेर बसणारे त्यांचे इंजिनियर मी आले की संगणकात तोंड खुपसायचे आणि त्यांचे खांदे हलायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांच्या डोक्यावर एसी फार आहे.

आणि अशातच दुसऱ्या नंबरच्या प्रेसमधून, म्हणजे रबर साच्यात दाबून कड्या काढणाऱ्या यंत्रातून, चिरलेल्या कड्या यायला लागल्या. डोळ्याला दिसणार नाही अशी केसासारखी चीर, पण बोटाला लागते. तपासणीचा शिक्का माझा, तेव्हा माल गेला आणि कुणाच्या घरात पाणी सांडलं की बोट माझ्याकडेच. पर्यवेक्षकांना सांगितलं तर ते म्हणाले, प्रेस थांबवायचा हुकूम साहेबांचा लागतो, साहेबांना सांग. मी धावत गेले. प्रकरण निकडीचं म्हणून वाक्यही जरा निकडीनंच म्हटलं. साहेबांनी दोन्ही हात वर केले, 'ने, ने' म्हणाले आणि दुसऱ्या दारानं निघून गेले. दुसऱ्या दिवशी कडी हातात घेऊनच गेले, तर भिंतीवरच्या पडद्यावर त्यांच्या मुख्य कचेरीतले म्हातारे साहेब. म्हटलं, याहून वरचा अधिकारी आता कुठला मिळणार! कडी उंच धरली आणि सगळा जीव गळ्यात आणून त्यांनाच ऐकवलं, बोगो शिप्सुम्निदा! म्हातारे इतके हसले की पडद्यावर नुसतं टक्कल दिसायला लागलं. आमच्या साहेबांनी कुंडीकडे बघून पानं मोजायला घेतली. मला बाहेर काढण्यात आलं. माल दुसऱ्या दिवशी गाडीत चढणार होता. त्या संध्याकाळी घरी आले आणि आई काय विचारते ते मला ऐकूच येईना. नोकरी जाणार हे मला दिसत होतं आणि सांगायचं कसं ते कळत नव्हतं.

सकाळी फाटकाशीच दुभाषी बाई दिसल्या. मी त्यांना जवळजवळ धरलंच आणि विचारलं, माझं वाक्य हे लोक ऐकत का नाहीत? कुठलं वाक्य, म्हणाल्या. मी म्हणून दाखवलं. बाई पहारेकऱ्याच्या स्टुलावर मटकन बसल्या. मग तोंडाला पदर लावून त्यांनी जे सांगितलं ते असं. 'बोगो'चा दुसरा अर्थ 'बघून'. मधला तो शब्द नसला की वाक्याचा अर्थ होतो, 'तुम्हाला बघावंसं वाटतं', म्हणजे आपल्यात म्हणतात तसं 'तुमची फार आठवण येते'. एक शब्द गाळला आणि अहवालाचा विरह झाला! आठवडाभर मी रोज सकाळी एका पोक्त माणसाला, काचेच्या खोलीत, दार उघडं ठेवून, तुमच्यावाचून करमत नाही म्हणून सांगत होते. आणि पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्या साहेबांना, ज्यांना मी जन्मात प्रथमच बघत होते, त्यांनाही! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, पण फाटकाशी सगळं काँक्रीट.

बाई म्हणाल्या, मुळात वरिष्ठांशी बोलताना ते वाक्य पुरं असलं तरी बरं दिसत नाही, पुढच्या धड्यात सांगणारच होते. तिथे क्रियापद वेगळं. साधं देणं म्हणजे 'जुदा'. पण खालच्यानं वरच्याला द्यायचं तर 'दुरिदा'. देणं तेच, पण त्यात देणारा वाकलेला असतो. त्या समजावून सांगायला उदाहरण शोधत होत्या आणि मामा, मला ते अर्ध्यातच कळलं. कारण तुमच्या घरात कधी कुणी काही नुसतं दिलं आहे का? सुट्टीत तुमच्याकडे आलं की सायकल हवी असेल तरी अर्ज. आणि अर्ज 'दिला' म्हटलं की परत पाठवायचात. 'सविनय सादर' म्हटल्याशिवाय तुम्ही चष्मा लावत नव्हता. आम्ही पोरं तुमच्या पाठीमागे तुमची नक्कल करायचो. पण त्या सकाळी माझ्या जिभेला काही शिकवावंच लागलं नाही. वाकायची सवय तिला तुम्ही कधीच लावून ठेवली होती. 'बोगो दुरिगेस्सुम्निदा', अहवाल सादर करते. एका दमात आलं. बाई म्हणाल्या, हा उच्चार कुठे शिकलीस? म्हटलं, मामाकडे.

तशीच वर गेले. साहेबांनी मला बघताच पाण्याचा ग्लास ढालीसारखा उचलला. मी म्हटलं, बोगो दुरिगेस्सुम्निदा. त्यांनी ग्लास खाली ठेवला. खुर्ची पुढे ओढली. मग मी येईल तसं सांगितलं, दुसरी प्रेस, चीर, गाडी नको. त्यांनी कडी हातात घेतली आणि डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवलं, अगदी मी फिरवते तसं. चिरेशी बोट थांबलं. पुढच्या घटकेला ते स्वतः प्रेसजवळ उभे, गाडी रिकामी होते आहे आणि साच्याच्या कडेला पडलेला टवका इंजिनियर एकमेकांना दाखवताहेत.

दुपारी बाईंसकट मला बोलावलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर साहेबच आधी बोलले आणि बाई सांगत गेल्या. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं की पोरीला म्हणायचंय एक आणि म्हणतेय भलतंच. चूक सुधारायला हवी होती. पण त्यांची मुलगी दूर देशी असते, तिचा बऱ्याच दिवसांत फोन नाही, आणि ते शब्द त्यांना कित्येक वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. रोज सकाळी ऐकायला मिळत होते, म्हणून सुधारायचं ते लांबवत गेले. आणि त्यापायी चिरलेला माल जवळजवळ गेला असता, म्हणून ते माझी माफी मागत होते. मामा, मला तिथेच रडू फुटलं. (वरिष्ठांसमोर रडण्याचं क्रियापद वेगळं असतं का, ते विचारायचं राहिलं.) साहेबांनी तो पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

महिना भरायच्या आतच मी कायम झाले! कागद हातात आला. तेव्हा मामा, सायकलीच्या त्या सगळ्या नामंजूर अर्जांसकट तुमचे मनापासून आभार. तुम्ही होतात म्हणून निभावलं. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमची आज्ञाधारक,
भोपू

ता. क. पत्र आभाराचं आहे म्हणून जपून ठेवू नका. वाचून झालं की फाडा. कारण खाली आहे.

ता. क. दुसरा. कायम केल्याच्या कागदाला आणखी एक परिच्छेद आहे. कामावर कायम, पण आधी वर्षभर त्यांच्या मुख्य कारखान्यात शिकायला जायचं. मला जायचं आहे मामा, फार जायचं आहे. पण आईला सांगायचं धाडस होत नाही. तिला इथे एकटी टाकून जायचं, सुईत दोरा कोण ओवणार तिच्या? चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा भाजी काय करायची ते विचारून गप्प बसले. तुम्ही तिचे भाऊ, तुमच्यापुढे अख्खी कचेरी चळाचळा कापायची. तेवढं तुम्ही येऊन तिला सांगाल का? कृपा करून हो म्हणा.

(मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

बाळ्या, मी ताई. पोरगी पाकीट आणायला खाली गेली आहे तोवर लिहिते. पत्र वाऱ्यानं उडालं म्हणून उचललं आणि उचललं म्हणून वाचलं. वर्षभर जायचं आहे ते मला आधीपासून ठाऊक आहे. त्या दुभाषी बाईंनीच घरी फोन करून विचारलं होतं, मी तेव्हाच खुशाल जाऊ दे म्हणून सांगितलं आणि मला ठाऊक आहे हे पोरीला कळू देऊ नका म्हटलं. मला वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. ती येते, माझ्यासमोर बसते आणि भाजीचं विचारते. तू येऊ नकोस. आलास तर मीच तुला घरात घेणार नाही. गुडघा दुखतो म्हणून कळव आणि लिही की तुझं तूच सांग. मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे रे. पाकीट मीच चिकटवून देते.