जोएल दुबईला आहे

प्रिय जोएल,

नाही, तू आधी ऐक. बोटीवरचे बाकीचे सहा जण सुटले तेव्हा घरचे झोपले होते का, असं तू तिकडे कराचीच्या जेलमध्ये म्हणत असशील. म्हण. बहीण आहे मी, ऐकून घेईन. पण मम्मीला काही बोलू नकोस.

ती अजून पाटी घेऊन बाजारात बसते. गिऱ्हाईक सुरमईचा भाव विचारतं, आणि ही त्यालाच विचारते, टीव्हीवर पाकिस्तानचं काय म्हनतात? पहलगामनंतर सगळंच फिरलं रे. बोलणी बंद, बॉर्डर बंद, टपालसुद्धा बंद. पूर्वी भांडत का होईना, एकमेकांचे मच्छीमार सोडायचे. आता सुरक्षा आधी, माणसं मग. मम्मी म्हणते, दिल्लीवाल्यांनी माझा पोरगा अडकवला. मी मान हलवते. अख्ख्या पाचूबंदरला मीच समजावते. ग्रॅज्युएट ना मी, 'परराष्ट्र धोरण' म्हटलं की लोक गप्प बसतात.

पण सुटलेल्या सहांतला टोनी पहलगामच्या आधीच घरी आला होता, फेब्रुवारीत. वाळून अर्धा झालेला. चर्चच्या मागे मला गाठून म्हणाला, आमचे इंडियन असल्याचे कागद आले, जोएलचा नाय आला. तुमच्याकडे कोनी चौकशीला आला नाय काय?

आले होते. तुझी बोट गुजरातेत ओख्याहून निघून महिना झालेला, फोन लागत नव्हता. तुम्हाला पकडलंय हे आम्हाला कळलंच नव्हतं. आपल्याकडे पोलीस आले की शिकलेल्याला पुढे करतात, तशी मी पुढे. त्यांनी विचारलं, जोएल फ्रान्सिस इथेच राहतो का? मला वाटलं, बोटीने समुद्रातली बॉर्डरची लाइन ओलांडली, आता केस करणार, तुझं मच्छीमार कार्ड जाणार. म्हटलं, इथे नाही राहत, वर्षभर दुबईला आहे. जबाबाखाली सही केली. इंग्लिशमध्ये, ऐटीत.

ती चौकशी तुझ्या इंडियन असल्याच्या कागदासाठीच होती, हे टोनी बोलला तेव्हा कळलं, आणि त्याच दिवशी नवा अर्ज दिला. तो कुठल्या तरी टेबलावर पोचेपर्यंत एप्रिल उजाडला, आणि पहलगाम झालं.

हे तुला पोचणार नाही, माहितीये. म्हणूनच एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, मम्मीला चष्मा नसला तरी वाचता यावं. तिला तोंडाने सांगायला गेले की माझ्या तोंडून दिल्लीच येते. पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवतेय, वर मिठाची बरणी. तिची रिक्षा आली वाटतं गल्लीत. मी मागच्या दाराने निघते.

तुझीच,
अमिषा