दारातला प्रश्न

बाई, तास सुटताना तुम्ही दाराला हात आडवा लावून उभ्या राहायच्यात, तो हात कालपासून डोळ्यांपुढून हलत नाही. एकेकीला हळू आवाजात प्रश्न विचारायचा, उत्तर आलं की हात वर, मुलगी बाहेर. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. आपल्या करमाड गावात टँकर यायची वेळ झालेली, आईनं घागर घेऊन रांगेत थांबायला सांगितलेलं. तुम्ही विचारलंत, "पाव मोठा की तिसरा हिस्सा?" मला कळलं नव्हतं. पण पुढचीचं उत्तर कानावर पडलं होतं. तेच म्हटलं आणि पळाले. दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी खडू हातात तसाच राहिला. तुम्ही मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "अगं, कळलं नाही म्हणाली असतीस तर मी आज पुढं गेलेच नसते."

आता मी शहरात आहे. घरासमोरच्या ज्वारीच्या रानात इमारती उठल्या, पाणी अजून टँकरचंच. धाकटी सहावीत आहे. तिच्या वर्गात तास संपता संपता टॅब देतात. तीन प्रश्न, बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल. एक्झिट तिकीट म्हणतात त्याला. पहिल्याच दिवशी पोरीनं दोन लाल आणले, वर हसत सांगितलं. लाल म्हणजे नापासच, हे माझं डोकं.

"शेजारची काय दाबती ते बघायचं. लाल येऊ द्यायचं नाय."

"आई, मार्क नसतेत त्याला. नाय कळलं तर सर परत शिकवतेत."

"लई शहाणी झालीस. सांगितलं तेवढं कर."

तिनं केलं. तेव्हापासून रोज हिरवं. मी रोज देवापुढं हात जोडत होते.

काल सरांचा मेसेज आला. मुलीला सगळं छान समजतंय, सोमवारपासून तिला हुशार मुलांच्या तुकडीत बसवतो. मी देवापुढं साखर ठेवली. पोरीनं ताट सरकवलं.

"मला अपूर्णांकातलं काहीच येत नाय, आई. तिथं रोज फळ्यावर बोलवतेत."

"मग सरांना बोलली का नाहीस?"

"तूच म्हणलीस ना, लाल येऊ द्यायचं नाय."

आज सकाळीही दूध तसंच ठेवून गेली.

आज शनिवार, सर दुपारपर्यंतच शाळेत असतात. सकाळपासून तीनदा मेसेज लिहिला, तीनदा पुसला. पोरीला चोर ठरवतील का? सगळ्या वर्गासमोर विचारतील? शेवटी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही आता या जगात नाही, रागावू शकत नाही, म्हणून असेल.

गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. शेजारीण हाक मारतेय, "काकू, चला की, नंबर जाईल!" घागरी रिकाम्याच आहेत. मी पायात चपला घातल्यात, पण शाळेच्या वाटेला लागायला पाय धजत नाहीत.

बाई, त्या दिवशी फळ्यापाशी मी म्हणाले होते, "काल येत होतं, आज विसरले." विसरले नव्हते. आलंच नव्हतं. सरांपुढं एवढंच बोलायचंय, म्हणून आधी तुम्हाला लिहून बघितलं.