गुडघ्याने उडवलेलं विमान

आदरणीय सेकुरू,

उकिडवं बसून, टाळ्या वाजवून नमस्कार (पत्रात ऐकू येत नाहीत, पण वाजवल्या आहेत). खोकला कसा आहे? इकडे मास्विंगोत सगळे सुखरूप. म्हणजे आता सुखरूप. तुम्ही माझे सेकुरू, आईचे सख्खे भाऊ, मामाची थट्टा करणं हा भाच्याचा हक्कच, पण या खेपेस थट्टा माझीच झाली.

सासरे गेल्यापासून आंबुया, म्हणजे माझ्या सासूबाई, गुटूला गावी एकट्याच. म्हणून माझ्या बायकोने, मुचानेताने, आपल्या आईला महिनाभर इकडे आणलं. परवा मी अंगणात माझं बॅटरीचं विमान तपासत होतो, रिमोट पट्ट्याने गळ्यात. तेवढ्यात आंबुया चर्चहून आल्या. सासू समोर आल्यावर जावई उभा राहील का? मी झटकन उकिडवा बसलो, टाळ्या वाजवू लागलो, आणि माझ्या गुडघ्याने (पोटाने, असं मुचानेता म्हणते, लक्ष देऊ नका) रिमोटवरची मोटारीची दांडी वर ढकलली. विमान सुटलं ते थेट आंबुयांच्या अंगावर! त्यांनी उडी मारली म्हणून वाचल्या, पण चर्चची पांढरीशुभ्र टोपी खाली पडली आणि विमानाच्या पंख्याने तिची कोशिंबीर केली. मी इतका गांगरलो की टाळ्या थांबवायचंच विसरलो. बघणाऱ्याला वाटावं, जावई खूश होऊन टाळ्या पिटतोय.

आंबुया सरळ आत जाऊन पिशवी भरायला लागल्या. "मुकुवाशा, जावयाने सासूला घालवायचं तर तोंडाने सांगावं. विमान कशाला सोडायचं?"

सेकुरू, त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं हो. आई गेल्यापासून या घरात कुणी सकाळी शेंगा सोलत गुणगुणलं नव्हतं. या आल्या आणि मला पुन्हा आई मिळाली. पण हे सासूला सांगायचं कोणत्या तोंडाने?

विमानांच्या क्लबातल्या चिगुंबांनी मला झापलं, "दांडी खाली म्हणजे मोटार बंद नव्हे रे, नुसती डुलकी घेतेय ती. वेगळं बटण लाव!" मग रिमोटवरचं एक बटण त्या कामाला लावलं. ते बंद केलं की दांडी कितीही ढकला, मोटार ढिम्म. पहिल्या खेपेला सगळं उलटंच जमलं, बंद केलं की मोटार सुसाट! (पंखा आधीच काढून ठेवला होता. एवढी अक्कल टोपीने शिकवली.) सुधारल्यावर रिमोट आंबुयांच्याच हातात दिला. त्यांनी बटण बंद करून दांडी रागारागाने वर रेटली. मोटार गप्प.

"आणि बटण बंद करायला विसरलास तर?"

मी पुन्हा टाळ्या वाजवायला लागलो.

"विसरशीलच. तुझे सासरेही चुलीवरचं दूध विसरायचे," म्हणाल्या आणि डोळे पुसले.

तेव्हापासून मी टाळ्या वाजवल्या की आधी विचारतात, "बटण बंद?" मी म्हणतो, "बंद, आंबुया." मग नमस्कार घेतात. पिशवी मात्र अजून दाराशीच आहे.

तुमचा भाचा,
ग्विन्याई

ता. क. शनिवारी तुम्ही आंबुयांना गुटूला पोचवायला पिकअप घेऊन येणार आहात ना? येऊ नका. गिअरबॉक्स मोडला म्हणा. मोडला नसेल तर मोडा.

आणखी ता. क. अक्षर मुचानेताचं, बोल माझे, तिच्या आईचे. जावयाने पाकीट चिकटवायला बायकोकडे दिलं, तिने मला वाचून दाखवलं. आई मिळाली म्हणे! तोंडावर कधी बोलला नाही. सेकुरू, शनिवारी पिकअप घेऊन जरूर या. येताना गुटूहून माझ्या कोंबड्या, कुदळ आणि ह्यांचा कोट आणा. जावयाला आधी सांगू नका. कोंबड्या उतरताना बघून तो लगेच टाळ्या वाजवत खाली बसेल. त्याआधी मी बटण बघून घेईन.