वन्संच्या चार ओळी

२ जून, रविवार. दुपार.

त्या सकाळी मी चादरी भिजवल्या होत्या, दूध तापवलं होतं, शिलाई मशीनला तेल दिलं होतं आणि मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा बोळा काडीने ओढून काढत होते, तेवढ्यात अँब्युलन्सवाल्यांनी बेल वाजवली. त्यांनी वन्संना उचलून आत आणलं, ह्यांच्या पलंगावर ठेवलं आणि माझी सही मागितली. मी डाव्या हातात बोळा धरून उजव्या हाताने सही केली. वन्संनी बोळ्याकडे बघून विचारलं, हे कोण, तुझ्या चर्चच्या मंडळीतलं का?

त्याला आज तीन आठवडे झाले. वही आज सुरू करते आहे, कारण बोलायला कोणी नाही आणि न बोलून पित्त होतं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वय एकोणऐंशी, लग्न नाही. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. यकृत संपलं आहे. डॉक्टर म्हणाले महिना, फार तर दीड. हॉस्पिटलने घरी न्या म्हणून सांगितलं. घर माझंच उरलं होतं.

लहानपणी बाप्तिस्मा झाला आहे, पण तारण नाही. रविवारी ड्यूटी असायची म्हणून उपासना सुटली, मग सवय गेली, मग विश्वासही कुठेतरी राहिला, असं त्या स्वतः सांगतात. छत्री विसरल्यासारखं.

आज उपासनेनंतर सुवार्ता कमिटीने भिंतीवर तक्ता लावला. प्रत्येकाने तीस तारखेपर्यंत एक आत्मा प्रभूकडे आणायचा. कमिटीची चष्मेवाली सेक्रेटरी आत्ताच दोनवर आहे. दुसरा आत्मा तिचा दातांचा डॉक्टर. तोंडात त्याचे चिमटे असताना हिने त्याला सुवार्ता कशी सांगितली, ते काही तिने सांगितलं नाही. मला मत्सर नाही. नोंद करते आहे.

पाळकांनी सगळ्यांना एकेक फॉर्म आणि चार ओळींचं कार्ड दिलं. माणसाने या ओळी मनापासून म्हटल्या की झालं. मनापासून, हे ते दोनदा म्हणाले.

हे देवा, मी पापी आहे.
येशू माझ्यासाठी मेला आणि पुन्हा उठला, हे मी मानते.
माझं ओझं मला उचलत नाही, तू उचल.
ज्यांनी माझं वाईट केलं, त्यांना मी क्षमा केली.

ओळी जुन्याच आहेत; ह्यांनी या चारही माझ्यामागून म्हटल्या होत्या. हॉस्पिटलात, शेवटच्या गुरुवारी. आवाज बारीक, पण शब्द स्पष्ट. शनिवारी गेले. माझा पहिला आत्मा. दोन वर्षं मी त्या गुरुवारावर उठते-बसते आहे.

संकल्प: तीस तारखेच्या आत वन्संचं तारण. रोज दहा मिनिटं. प्रेमाने. तोंडावर किळस न दाखवता.

३ जून.

आज सुरुवात केली नाही. बेडपॅन, मग उलटी, मग चादर, मग पुन्हा बेडपॅन. हात चार वेळा साबणाने धुतले, तरी वास नखांत बसला आहे. जेवले नाही. अशा हातांनी पवित्र शास्त्र कसं उघडायचं?

४ जून.

सुरुवात केली. वन्सं, तुमच्या आत्म्याचं काय होणार, असं मी शांतपणे विचारलं. त्या म्हणाल्या, आत्म्याचं आत्मा बघेल, आधी माझी पाठ खाजव. पाठ खाजवली. कातडीचा कोंडा निघाला. बोटांना चिकटतो. मग पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, जरा डावीकडे.

प्रगती आहे. संवाद सुरू झाला.

६ जून.

वन्सं दात काढून माझ्या चहाच्या कपात ठेवतात. तीन वेळा सांगितलं. त्या म्हणतात, साध्वीबाई, दातांनाही चहा आवडतो. (मला त्या साध्वीबाई म्हणतात. मी दुर्लक्ष करते.) तो कप टाकला. नवा आणला. संध्याकाळी दात नव्या कपात.

किळस येणं हे पाप आहे का, ते शोधलं. मी शाळेत सातवीपर्यंतच गेले, पण मंडळीच्या कपाटातली सगळी जाडी पुस्तकं पेन्सिल घेऊन वाचली आहेत. राग पाप, लोभ पाप, गर्व पाप. किळस कुठेही नाही. बरं वाटलं.

९ जून, रविवार.

तक्त्यावर चष्मेवालीच्या नावापुढे तिसरी फुली. पाळकांनी मला विचारलं, काम कसं चाललंय. मी म्हटलं, बीज पेरलंय. ते म्हणाले, किती दिवस पेरणार, ताई, डॉक्टरांनी महिना दिलाय ना.

पाळकांच्या दाढीत कसलं तरी पीठ होतं. पूर्ण वेळ मला तेच दिसत होतं.

११ जून.

आज वन्संनी स्वतःच विषय काढला! म्हणाल्या, तुझ्या त्या कार्डावर किती ओळी आहेत? चार म्हटलं. म्हणाल्या, फुकट नाही म्हणणार, एका ओळीला एक काम. पहिल्या ओळीला केस काळे करून दे, मला पांढऱ्या डोक्याने मरायचं नाही.

तारणाचा सौदा होत नाही हे मला माहीत आहे. पण प्रभूने तर जाळं टाकून मासे धरायला शिकवलं. आमिष म्हणजे सौदा नव्हे. केसांचा रंग आणला.

त्या रंगाचा वास! कुजलेल्या अंड्यासारखा. रंग उशीवर, चादरीवर, माझ्या कोपरावर. वन्संनी आरशात बघून म्हटलं, हे देवा, मी पापी आहे, पण दिसते बरी. मागचे तीन शब्द मी धरले नाहीत. पहिली ओळ: झाली.

१४ जून.

दुसऱ्या ओळीची किंमत ऐकून मला बसावं लागलं. माझ्याशेजारी बसून माझ्याच ताटातला एक घास खा, म्हणाल्या. त्यांच्या ताटात काय असतं ते मला माहीत आहे. त्या चावतात, मग विचार बदलतात, मग ताटात परत ठेवतात.

मी घास घेतला. तोंडात गेला, हे देवासमोर सांगते. पुढे खोकला आला आणि रुमाल तोंडाशी न्यावा लागला. वन्सं म्हणाल्या, रुमालाचं तारण झालं, तुझं राहिलं. तरी दुसरी ओळ म्हणाल्या. येशू माझ्यासाठी मेला आणि पुन्हा उठला, हे मी मानते, आणि तुझ्याऐवजी तो असता तर त्याने घास गिळला असता.

जास्तीचे शब्द पुन्हा सोडून दिले. दुसरी ओळ: झाली. निम्मं काम पंधरा तारखेच्या आत. चष्मेवालीला कळू दे.

रुमाल जाळला.

१७ जून.

तिसरी ओळ मागितलीसुद्धा नव्हती. सकाळी त्यांना पॅनवर घेताना माझी कंबर गेली. दोघी पलंगाच्या कडेला लटकलो. त्या माझ्या गळ्यात, मी त्यांच्या काखेत, आणि खाली जे व्हायचं ते झालंच. वन्सं रडायला लागल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, माझं मला उचलत नाही गं, आता नाही उचलत.

मी पुसलं, धुतलं, पावडर लावली. हे धरायचं का? देवाला उद्देशून नव्हतं. मला उद्देशून होतं. पण ओझं आहे, उचलत नाही हे आहे. पुष्कळ विचार केला. धरलं.

आज किळस थोडी कमी आली. की नाक बसलं आहे, कोण जाणे.

२० जून.

चौथी ओळ. वाचून दाखवली. वन्सं म्हणाल्या, सगळ्यांना केली क्षमा. एक्स्चेंजच्या सुपरवायझरला केली, मला नाकारून गेला त्याला केली, डॉक्टरला केली. तुला नाही.

मी विचारलं, मी काय केलं?

त्या म्हणाल्या, तू सांग.

२१ जून.

मी काय केलं आहे, याची शांतपणे यादी करते.

एक. ह्यांनी प्रभूचा मार्ग धरावा म्हणून मी वन्संना या घरात अकरा वर्षं येऊ दिलं नाही. दोन मार्गांचा एक उंबरठा नको, असं तेव्हा एका प्रवचनात ऐकलं होतं. मी कडक होते. कडक असणं वाईट नव्हे.

दोन. दुसरं काही नाही.

२२ जून.

दुसरं आहे. पण ते वेगळ्या प्रकारात मोडतं.

शेवटच्या बुधवारी ह्यांनी म्हटलं, ताईला बोलव. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन आले आणि सांगितलं, फोन लागत नाही. हे खोटं नव्हतं. जो फोन लावलाच नाही तो लागत नाही, हे कोणीही मान्य करेल. त्या आल्या असत्या तर हसवलं असतं, जुन्या गोष्टी काढल्या असत्या, आणि हे गुरुवारच्या ओळींपर्यंत पोचलेच नसते. मी एका आत्म्यासाठी केलं. डॉक्टर नाही का पेशंटसाठी नातेवाइकांना बाहेर काढत?

डॉक्टर खरं कारण सांगून बाहेर काढतात. ते सोडून.

वन्संचं पोट फुगलं आहे. डोळे पिवळे. नर्स आली होती, म्हणाली, आता आठवड्यांचे नाहीत, दिवसांचे हिशेब.

२३ जून, रविवार.

उपासनेला गेले नाही. पाळकांचा निरोप: एकच ओळ राहिली ना, जोर लावा.

ठरवलं. उद्या वन्संना सांगायचं. आधी प्रस्तावना, मग परिस्थिती, मग माझा हेतू, आणि शेवटी झालेली गोष्ट, एका वाक्यात. त्या क्षमा करतील, चौथी ओळ होईल, फॉर्म भरला जाईल. दोन्ही कामं एकदम. आज मन हलकं आहे.

२४ जून, सोमवार.

प्रस्तावना झाली नाही. तोंड पुसत होते, हिरड्यांतून रक्त येत होतं, माझ्या मनगटावर आलं, आणि मी एकदम बोलून गेले. वन्सं, ह्यांनी तुम्हाला बोलवायला सांगितलं होतं. मी फोन लावलाच नाही.

वन्सं म्हणाल्या, माहीत आहे.

कसं माहीत? तर म्हणाल्या, तो दर मंगळवारी साडेअकराला मला फोन करायचा. तू बायकांच्या प्रार्थनेला गेलीस की. अकरा वर्षं. एक मंगळवार चुकवला नाही. तू त्याला फोन लागत नाही म्हणालीस, त्याच संध्याकाळी हॉस्पिटलातल्या नर्सच्या फोनवरून त्याने मला ते सांगितलं. हसत होता. म्हणाला, बायको खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात.

मी कानांना हात लावला.

त्या म्हणाल्या, शुक्रवारी मी येऊन गेले. तू आंघोळीला घरी गेली होतीस. दीड तास बसले त्याच्यापाशी.

मी विचारलं, गुरुवारच्या ओळींबद्दल ते काही बोलले का. वन्सं म्हणाल्या, बोलला ना. म्हणाला, ही चार रात्री झोपली नाही, मी म्हणून टाकल्या, म्हणजे ही झोपेल.

मी फडकं पिळलं. ते कोरडं होतं, तरी पिळलं. मग विचारलं, म्हणजे मनापासून नाही?

वन्संना बोलताना दम लागत होता. थांबत थांबत म्हणाल्या, ते मला काय विचारतेस? चाळीस वर्षं मी लोकांचे फोन जोडून दिले. लाइन लागली की आमचा नियम होता, हेडफोन काढायचा. आत काय बोलणं झालं ते ज्याचं त्याला ठाऊक. तू जोडून दिलीस ना? मग झालं. कान लावून बसू नकोस.

मग त्या म्हणाल्या, तुला क्षमा मी त्याच शुक्रवारी केली, लिफ्टची वाट बघताना. पण म्हणून दाखवणार नाही. तू लगेच फॉर्मवर लिहिशील.

फॉर्म माझ्या खिशातच होता. पेनसुद्धा.

मला राग आला पाहिजे. ह्यांचा, वन्संचा, नर्सचा. अकरा वर्षं मी प्रार्थनेत डोळे मिटून बसले होते आणि माझ्या घरात फोन चालू होता. मी ज्याला वाचवत होते तो मला सांभाळत होता. किळस आली, तर ती पहिल्यांदा माझीच आली. हात धुतले. ती जात नाही.

वन्सं झोपल्या. झोपताना म्हणाल्या, तो तुझी नक्कल छान करायला शिकला होता.

२५ जून.

मंगळवार. बायकांच्या प्रार्थनेला गेले नाही. साडेअकराला खुर्ची वन्संच्या पलंगाशी ओढली, त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, ते काय काय बोलायचे.