बर्फावरची लाल टोपी

सँ-ओदिल,
२८ एप्रिल २०११

प्रिय आल्सीद,

तू, बायको, पोरं सगळे बरे असाल. इकडे माझं चाललंय. उठते, पुलावरच्या सीमाचौकीत बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला "सोबत काय आणलंय?" विचारते, घरी येऊन आडवी होते. कंबर तर पार कामातून गेलीय.

मंगळवारी नदीचा बर्फ फुटला. रोझेरकाकाची बर्फावरची मासे धरायची खोपटी यंदाही वाहून गेली. दरवर्षी म्हणतो, "उद्या काढतो." आता तुमच्या अमेरिकेच्या काठाला लागली असेल. दिसली तर कळव.

गोठलेली जमीन आता खणण्याइतकी मऊ झाली. जानेवारीपासून आई शवपेटीत, दफनभूमीतल्या त्या दगडी खोलीत पडून आहे. १४ मेला, शनिवारी अकरा वाजता तिला बाबांशेजारी पुरायचं. नंतर घरी कुट्टूची धिरडी. तू यायलाच हवंस. पासपोर्ट नवा केलास ना?

खरं तर त्या पासपोर्टबद्दलच लिहायला बसले होते, आणि धिरड्यांवर घसरले.

आई गेली त्या दिवशी तुझा पासपोर्ट संपलेला, म्हणून पूल सोडून तू बाबांसारखा सरळ बर्फावरून चालत आलास. या काठावर पोलीस उभेच होते. "कुणी चहाडी केली?" म्हणून तू अख्ख्या गावाला शिव्या घातल्यास.

फोन मी केला होता.

चौकीच्या काचेतून तुझी लाल टोपी मी ओळखली होती. साहेब शेजारी होते, नोकरी गेली असती, असं मनाशी खूप घोकून झालं. पण मला राग आला होता रे. अकरा वर्षं आईचं हगणंमुतणं मी काढलं, आणि शेवटच्या दिवशी हा लाडोबा येणार! म्हटलं, बसवतील तासभर आणि सोडतील. बसू दे. त्यांनी संध्याकाळपर्यंत बसवलं आणि परत धाडलं.

आईनेही तुला खिडकीतून पाहिलं होतं. दुपारी मी घरी गेले तर विचारते, "आल्सीद कुठाय गं? मघाशी नदीवर होता."

"खाली बूट काढतोय," मी म्हटलं.

"मेल्याला नेहमीच वेळ लागतो," म्हणाली आणि हसली. मग दाराकडे बघत राहिली. चार वाजता गेली.

मला शिव्या दे, सगळ्यांसमोर थोबाडीत मार, पण ये. आधी घरी ये. खाली बूट काढ आणि वर तिच्या खोलीत जा. माझं तेवढं खोटं खरं कर.

तुला अडवणारी,
तुझी ताई
फ्लोरीन